काचघराचा घुमट

बस जुन्या बागेकडे निघाली होती. ड्यूटीवर निघालेल्या एका नर्सबाईंच्या पुढच्या सीटवर काचकाम करणारी मुलगी आणि तिचे लंगडणारे वडील बसले होते.

"दीडशे वर्षांचं काचघर आहे ते. राणीने परदेशी झाडांसाठी बांधलं. पहिल्याच वर्षी गारांनी निम्म्या काचा फुटल्या."

"बाबा, सकाळपासून तेच सांगताय."

"मग गप्प बसू?"

"बसा की जरा."

"घुमटाच्या काचा धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजल्यात. माझ्या वेळीही गंजलेल्याच होत्या."

"तुमच्या कमरेला दोर नव्हता. मला आहे."

"वर चढलीस की खाली बघू नकोस. मी बघितलं आणि पडलो."

"माहितीये. म्हणूनच म्हणत होते, घरी थांबा."

"घरी जीव टांगणीला लावून बसू? त्यापेक्षा खाली उभा राहतो."

"तुम्ही खाली असलात तर मी खाली बघणारच ना, बाबा!"

बागेचा थांबा आला. मुलगी हत्यारांची पिशवी घेऊन उतरली. वडील मात्र जागचे हलले नाहीत. बस सुटल्यावर ते मागे नर्सबाईंकडे वळले.

"बाई, तुमच्या खिडकीतून काचघर दिसतंय. जरा बघता?"

"काय बघू?"

"ती आत गेली का, तेवढंच सांगा. माझ्याने बघवत नाही."