मोरेकाकांची रेघ

समा भागात राहणाऱ्या मोरेकाकांचं तुम्हाला सांगितलं नाही ना अजून? आमच्या मॅडमचा मानसशास्त्राचा प्रयोग होता. फळ्यावर तीन रेघा, सगळ्यांत लांब कोणती ते सांगायचं. आम्ही चार विद्यार्थी ठरवून चुकीची सांगणार आणि पाचवा माणूस आमच्यामागे वाहवत जातो का, ते मॅडम बघणार. पाचवे होते मोरेकाका, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आम्ही चौघं म्हणालो, "पहिली." काका म्हणाले, "तिसरी." प्रत्येक फेरीत आमचं चूक, त्यांचं बरोबर. शेवटी हळूच मला म्हणाले, "बेटा, डोळे दाखवून घे. इथे जवळच, हरणी भागात ओळखीचा डॉक्टर आहे."

मॅडमनी मग खरं काय ते सांगितलं आणि विचारलं, "एकटे पडलात, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण जन्म रिफायनरीत प्रेशरचे काटे वाचण्यात गेला. चौघांनी काटा चुकीचा वाचला, म्हणून प्रेशर उतरत नाही हो."