दिनूची हवा

आमच्या दिनू गवंड्यासारखा हवामानतज्ज्ञ अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही. मागच्या दाराला चिऱ्याच्या तीन पायऱ्या, एवढंच काम. गुडघेदुखीमुळे आमचे हे त्या दारात दोनदा पडलेले.

मे महिन्यात दिनू म्हणाला, "काकी, उन्हात सिमेंट तडकतं." जुलैत म्हणाला, "पावसात वाहून जातं." गणपती गेले तरी, "हवा दमट आहे, काकी."

माझं डोकंच फिरलं. तडकतं तर ओली गोणपाटं घालावीत, वाहतं तर ताडपत्री धरावी! एवढं कळायला शाळा लागत नाही. शेजारणीला हाताशी घेऊन मीच थापी चालवली.

शेवटच्या पायरीवर पाणी मारत होते, तर दिनू हजर. "काकी, आता हवा एकदम झकास!"

म्हटलं, "मग पुढच्या दाराने ये. पायरी ओली आहे."