पावेलच्या क्लबचा नारळ

चेक लोकांच्या फुटबॉलच्या मैदानावर पहिला नारळ माझ्यामुळे फुटला. हसू नका, खरंच सांगतोय.

ओमानमधल्या सोहारला आमच्या स्टील प्लांटमध्ये पावेल नावाचा चेक इंजिनिअर आहे. त्याच्या गावचा क्लब वीटभट्टीच्या कामगारांनी काढलेला, त्यात त्याचे पणजोबाही होते. खेळतात अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये. गोलकीपर प्लंबर, अध्यक्ष खाटीक. यंदा शेवटची मॅच जिंकली नसती, तर आणखी खाली घसरून क्लबला कुलूपच लागलं असतं.

मॅचच्या दिवशी सकाळी चहाला पावेलचं तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "तुझं मशीन सुरू करताना आपण नारळ फोडला होता ना? मग मैदानावर का नाही फोडत?"

त्याने तिथूनच अध्यक्षांना फोन लावला.

संध्याकाळी कँटीनमध्ये आम्ही सगळे त्याच्या मोबाइलवर मैदानावरून आलेल्या व्हिडिओ कॉलला चिकटलो. अध्यक्षांनी गोलपोस्टजवळ दुकानातल्या सुऱ्याने नारळ फोडला. पहिला गोल आपला. मग समोरच्यांनी बरोबरी केली आणि पावेलने डोळेच मिटून घेतले. शेवटच्या मिनिटाला आपला दुसरा गोल झाला, तेव्हा कँटीनमध्ये असा कल्ला उठला की सिक्युरिटीवाला धावत आला.

पावेलने मला मिठी मारली. म्हणाला, "सावंत, नारळ चालला. पण मग त्यांचा तो एक गोल कसा झाला?"

मी विचारलं, "खोबरं कोणाला वाटलं?"

त्याने फोन करून विचारलं. "दोन्ही टीमना."

"मग होणारच की. प्रसाद त्यांनीही खाल्लाय."