हरणाबाईंच्या वजनाचं पोतं

मी सिदू बिरू वाघमोडे, वय २३, धंदा मिळेल ते काम, मूळ राहणार सोनारी, तालुका परंडा, सध्या मुक्काम तामलवाडी, विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

अंबादास गुरुजींच्या परसात कडुलिंब आहे. त्यांची नात जाई, वय ९, हिला झाडावर खोली पाहिजे होती, म्हणून मला कामावर घेतलं. ज्वारीच्या रानात पाखरं राखायला मी माळे बांधलेले आहेत. आमच्या सोनारीच्या जत्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथं एकदा एका गाढवानं माळ्याची दोरी खाल्ली. ते इथं नको असं जबाब लिहून घेणारे हवालदार साहेब म्हणाले, म्हणून सोडून देतो.

झाडाला एकही खिळा मारलेला नाही. वाऱ्यात झाड हलतं, म्हणून खोडापासून वीतभर जागा सोडून बाभळीच्या चार मेढी रोवल्या. खड्ड्यात दगड-मुरूम ठासून भरला, मेढींना तिरके टेकू दिले, वर तुळया आणि फळ्या. गुरुजी म्हणाले, "तीन मोठ्या माणसांचं वजन पेललं तर जाई वर जाईल. मेढ हलली तर आजच सगळं उतरवायचं."

मोठं माणूस कुणी चढेना. गुरुजींचे गुडघे दुखायला लागले. म्हणून वाळूची पोती चढवली. जाई म्हणाली, माणसं तर दिसू देत. तिनं एका पोत्याला गुरुजींची टोपी घातली, एकाला माझा शर्ट, आणि सगळ्यात भरलेल्या पोत्याला शेजारच्या हरणाबाईंचं दोरीवर वाळणारं लुगडं नेसवलं.

हरणाबाई रानातून आल्या, वर बघितलं आणि पोलिसांना फोन केला, की झाडावर तीन माणसं हायत, हलत न्हायत, बोलत न्हायत, आन् त्यातली एक मीच हाय.

हवालदार साहेबांनी येऊन चारी मेढी हलवून बघितल्या. त्या हलल्या नाहीत. तेव्हा हरणाबाई म्हणाल्या, "माझ्या जागी पोतं कशाला? म्याच बसते." लुगड्याचं पोतं उतरवलं. त्या शिडीनं चढल्या, ऐसपैस बसल्या. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. जाईनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "जा."

बाकीची पोती उतरवून जाई वर गेली. तक्रारदार बाई अजून खाली येत नाहीत, त्यामुळं हा जबाब ठाण्यात न घेता झाडाखाली घेतला आहे.

वर ऐकू जावं म्हणून जबाब मोठ्यानं वाचला. हरणाबाईंनी वरूनच दुरुस्ती सांगितली, की पोतं त्यांच्यापेक्षा जाड होतं. ती धरून बाकी सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर आहे.

सही / सिदू बिरू वाघमोडे