कासाराचं वैराग्य

मंडळी, एक सांगा — ज्याला दुःखच होत नाही, तो संत की आजारी? माना दोन्हीकडे हलवू नका, दिसतंय मला!

ऐका तर. एका गावात नामाजी कासार होता. बाईचा पंजा हलकेच दाबायचा, की काकण सरकन मनगटात! त्याची एकुलती लेक तापानं गेली. नामाजी रडला नाही. चौथ्या दिवशी दुकान उघडून बसला!

भजनी मंडळाचे आबाजी म्हणाले, "स्थितप्रज्ञ! पोचलेला पुरुष!" झालं! हार आले, नारळ आले, लोक पाया पडू लागले. आणि नामाजीला वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाच्या पाया पडतायत. आपण काचेपलीकडून बघतोय. पण सांगणार कुणाला? संताला कोण विचारतं, 'बरं वाटतंय का?'

एकदा पाटलीणबाई ओरडल्या, "अहो, रक्त आलं!" काकण फुटून काच रुतली होती, नामाजी दाबतच होता. आबाजी गहिवरले, "देहभान सुटलं!" — अहो, पण देह पाटलीणबाईंचा होता!

नामाजीची बायको सुंदरा मात्र हादरली. लेक गेली, आता हाही जिवंतपणी चालला! आबाजींना म्हणाली, "भावजी, संत तुमच्या घरी न्या. मला माझा नवरा हवा." सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आपला हात त्याच्या हातात दिला.

"भरा बांगड्या. हाताला काय लागतंय, तेवढंच सांगा."

"काही नाही."

"गार की ऊन?"

"...गार."

रोज हेच. बसून बसून पाय बधिर होतो ना? तो मेलेला नसतो. पण जागा होताना आधी मुंग्या, मग कळ! आठव्या दिवशी नामाजी थांबला. "अगं, तुझ्याच मापाची, तरी ढिली होतेय. किती वाळलीस तू!" आणि लेकीचं नाव घेऊन असा रडला, की गल्ली गोळा झाली.

आबाजी हळहळले, "चांगला चढला होता हो, घसरला!" हार बंद!

हसलात? हसा. पण तुमच्याही घरी कुणीतरी महिनोन् महिने रडलेलं नाही, भांडलेलं नाही, काय हवं विचारलं तर 'काहीही' म्हणतं. आणि तुम्ही चारचौघांत सांगता, 'आमची सून किती शांत!'

उठा. घरी जा, तिच्याशेजारी बसा. आजची आरती मी एकटी करते.