मागच्या पंगतीचा दर

मंडळी, भाव विचारला की माणसानं भाव सांगावा. सांगावा की नाही? पण कराडच्या भामाक्का पिसाळांचा नातू अभिराज, त्याला कुणीही, कसलाही भाव विचारा, तो म्हणणार, "अवलंबून आहे."

भाजीवालीला तुम्ही विचारलंत, बाई, वांगी कशी दिली? आणि ती म्हणाली, अवलंबून आहे – घरात खाणारी किती, बसून खाणार का गडबडीत, ताटात टाकणार का पुसून खाणार. तुम्ही तिथं उभे राहाल? पिशवी उचलून पुढच्या पाटीकडं जाल. पण या पोराचं दुकान चालत होतं, म्हणून तर अक्कांचा जास्त संताप.

तर आजचा प्रश्न हाच. ज्यानं कमी पैसे दिले, तो कमी माणूस होतो का? लगेच मान हलवू नका. मान हलवायला काही लागत नाही. आधी ऐका.

दुकान कसलं, ते सांगते. जुन्या तेलगिरणीच्या जागेत अभिराजनं एक हॉल केला. त्यात कॉम्प्युटर. पण पडदा नाही, बटणं नाहीत, कपाटात रचलेल्या नुसत्या पेट्या, आणि त्यांना रात्रंदिवस एसी. अक्का चुलीपुढं घामानं निथळणार आणि यंत्रं गारव्यात बसणार. लोक आपापल्या घरून तारेतून काम पाठवतात, पेट्या ते करतात, आणि जितकं काम तितकं भाडं. याला क्लाउड म्हणतात म्हणे. काय म्हणायचं ते म्हणा. हॉल आहे, पेट्या आहेत, भाडं आहे. अक्कांना एवढं कळलं. पुढचं कळलं नाही, आणि मलाही विचारू नका.

दुकान काढलं, पण भाव कसा लावायचा ते पोराला ठरवता येईना. पेटी कुणी तासाला मागतो, कुणी वर्षाला. कधी हॉल गच्च भरतो, कधी निम्म्या पेट्या नुसत्या गरगरत बसतात आणि विजेचं बिल खातात. शेवटी तो आला अक्कांच्या खानावळीत. एसटी स्टँडमागं ती खानावळ. कॉलेजची पोरं तिथं जेवून इंजिनिअर झाली, आणि जाताना कुणी अक्कांच्या पाया पडल्याशिवाय गेलं नाही. न पडून जातोय कुठं, दारातच पाटावर बसलेल्या असायच्या.

"अक्का, तू भाव कसा लावायचीस?"

अक्का फुलल्या. शिकलेला नातू विचारतोय, फुलणारच. म्हणाल्या, "हे बघ. एक तर महिन्याचे मेंबर. त्यांचं ताट ठरलेलं, येवोत न येवोत, पैसे द्यायचे. दुसरे आयत्या वेळचे पाहुणे. त्यांना जास्त दर. आणि तिसरी मागची पंगत. सगळे जेवून गेले आणि भात-आमटी उरली, की अर्ध्या दरात. गरिबाच्या पोटात जातं, आपलं वाया जात नाही."

पोरगं टुणकन उठलं. "अक्का, अगं जगातल्या मोठमोठ्या कंपन्या हेच करतात!"

झालं. त्या दिवसापासून अक्कांची मान काही खाली येईना. कोथिंबीर घेताना सांगायच्या, दळण टाकताना सांगायच्या – माझं बघून जग भाव लावतंय. अभिराजनं तिसऱ्या दराला नावसुद्धा तेच दिलं. त्याच्या वेबसाइटवर, 'मागची पंगत'.

पण अक्कांनी पोराला एक गोष्ट सांगितलीच नव्हती. लपवली नव्हती हो. ती सांगावी लागते, हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं.

एका गुरुवारी दुपारी तस्लीम शिकलगार खानावळीत येऊन बसली. पूर्वी कॉलेजात असताना मागच्या पंगतीलाच जेवायची. ताट वाढलं, तर पोरगी आमटीत बोट बुडवून बसून राहिली.

"काय गं? बोटानं जेवण पोटात जातं का? का माझ्या आमटीला आज चव नाही?"

"अक्का, मला उठवलं."

"कुणी उठवलं? या खानावळीत तुला कुणी उठवलं? नाव सांग."

"इथनं नाही. अभिराजदादाच्या हॉलमधनं."

मग तिनं सांगितलं. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांचा एक पाय घोट्याखाली नाही. लावलेलं नकली पाऊल जड, घासून घासून जखम झालेली, दोन महिने माणूस बसूनच पंक्चर काढतोय. पोरीनं शिकता शिकता नवं पाऊल आखलं, हलकं आणि स्वस्त. पण ते वजन पेलणार का मोडणार? तर ते आधी कॉम्प्युटरमध्ये चालवून बघायचं. लाखो पावलं टाकायला लावायचं, म्हणजे कुठं तडा जातो ते दिसतं. दोन-तीन दिवस अखंड चालतं ते काम. त्याचा निकाल सोमवारी मिरजेच्या कारखान्यात द्यायचा, मग ते साचा ओतणार. सोमवार हुकला तर पुढचा नंबर वर्षानं.

"आणि?"

"बुधवारी रात्रीपर्यंत चाललं होतं. सकाळी मेसेज. पूर्ण दराचं गिऱ्हाईक आलंय, दोन मिनिटांत जागा खाली होईल. झाली."

"मग जेवढं चाललं होतं तेवढं कुठं गेलं?"

"गेलं. मधे मधे जपून ठेवायचं असतं. ठेवलं की वेळ जास्त जातो, वेळेचे पैसे जातात, म्हणून मी ठेवलं नाही." पोरगी खाली बघून म्हणाली, "अक्का, मला वाटलं मागची पंगत म्हणजे तुमच्यासारखीच. तीन वर्षं जेवले मी तुमच्याकडं. बसल्यावर कधी कुणी उठवलं नव्हतं."

मंडळी, अक्कांनी हातातला डाव खाली ठेवला. नाव त्यांचं, पंगत त्यांची, आणि भरल्या ताटावरून पोर उठवली. तेही तारेतून. भांडायला समोर माणूस नाही, पंगत दिसत नाही, ताट दिसत नाही. रागवायचं तर कुणाकडं बघून रागवायचं?

फोन केला. अभिराज आला. येताना दारातून भांडतच आला.

"अक्का, वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय. उठवू शकतो म्हणूनच दर अर्धा. तिनं वाचून 'मान्य' दाबलंय. विचार तिला."

अक्कांनी तस्लीमकडं बघितलं. ती म्हणाली, "दाबलंय, अक्का. दादाची चूक नाही."

घ्या. जिच्यासाठी कंबर कसली, तीच म्हणते त्याची चूक नाही. तुमच्यात मागून कुणीतरी म्हणालं, पोरगंच चुकलं. थांबा जरा, काका. पोरानं खोटं सांगितलं नाही. पोरीनं ते नाकारलं नाही. अर्धा दर नसता, तर तिला ती पेटी शिवायलासुद्धा मिळाली नसती. मग चुकलं कोण? अक्कांचं डोकं गरगरायला लागलं. तुमचंही गरगरू द्या थोडं.

"कोण आलं होतं पूर्ण दराचं?" अक्का.

"एका बिल्डरच्या मुलाच्या लग्नाची फिल्म. नवरानवरी आकाशातून हळूहळू उतरतात असं करायचंय."

"उतरू देत. बसलेल्या पोरीला उठवून?"

"हॉल भरला होता, अक्का. बरं, मला सांग. तुझ्या मागच्या पंगतीत सगळ्या जागा भरल्या, आणि पूर्ण दराचा पाहुणा दारात आला, तर तू काय करायचीस?"

"थांबवायची."

"आणि थांबला नाही तर?"

"जायचा."

"म्हणजे तुझं नुकसान."

"व्हायचं."

"किती व्हायचं?"

अक्कांनी कधी मोजलंच नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी त्या बाईला पहिल्यांदा शंका आली. आपण आयुष्यभर केलं ते शहाणपण का खुळेपण? त्या परत गेलेल्या पाहुण्यांच्या पैशात वरच्या पत्र्याच्या जागी स्लॅब पडला असता का? पावसात गळतीखाली भांडं ठेवायला तरी लागलं नसतं. बाई पत्र्याकडं बघत बसल्या.

नातवाला आजीची दया आली. खिशातून फोन काढला. "बरं, राहू दे. लग्नवाल्यांना उठवतो. आत्ता, दोन मिनिटांत."

"थांब. त्यांचं किती झालंय?"

"निम्मं."

"मग तेही बसलेत रे. त्यांनाही नाही उठवायचं."

अभिराजनं फोन खाली ठेवला. "अक्का, हिला उठवलं तर चुकलं, त्यांना उठवायचं नाही. तुला पाहिजे तरी काय?"

"मला कळंना बाबा," अक्का म्हणाल्या. आणि मंडळी, अक्का 'मला कळत नाही' म्हणाल्या, हे त्या गल्लीत आधी कुणी ऐकलेलं नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, अक्का उठून गॅस बंद करून आल्या.

आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हॉलमधल्या सगळ्याच पेट्यांवर गिऱ्हाईक बसलंय?"

पोरगं घुटमळलं. "सहा माझ्या आहेत."

"त्यांवर काय चाललंय?"

"शनिवारी पुण्याची माणसं येणार आहेत, धंद्यात पैसे घालायला. त्यांना दाखवायचं तयार होतंय. अक्का, ते मोडलं तर माझा हॉल मोठा व्हायचा राहिला. तीन वर्षं मी त्यांच्या मागं आहे."

तस्लीम उठून ताट उचलायला लागली. म्हणाली, "राहू दे दादा, पुढच्या वर्षी बघीन."

आता पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचं चित्त त्यात अडकायला नको. सोमवारी निकाल मिरजेला पोचला. साचा ओतला. टाच जरा उंच झाली म्हणून तिचे वडील कुरकुरतात, पण उभं राहून कुरकुरतात. पुण्याची माणसं शनिवारी आली, अर्धवट काहीतरी बघितलं, चहा घेतला, गेली. अजून त्यांचं उत्तर नाही. मागच्या पंगतीतून आता कुणाला उठवत नाहीत, तसं लिहिलंय. पण म्हणून तो दर थोडा चढला, आणि दोन पोरं परवडेना म्हणून सोडून गेली. हे बरं झालं का वाईट? मला सांगता यायचं नाही. ज्याला येत असेल त्यानं इथं येऊन उभं राहावं, मी खाली बसते.

पण तुम्हाला एक विचारते. स्वस्तात ठेवलेला भाडेकरू, अर्ध्या फीत शिकवणीला बसवलेलं पोर, जुन्या पगारावर राहिलेली कामवाली – तुमच्या घरी आहे ना कुणी? त्याला उठवायचा हक्क तुम्ही मनात राखून ठेवलाय ना? "त्यालाही माहीत होतं," असं म्हणायची तयारी ठेवलीय ना? असू दे. उत्तर मला नको. घरी गेल्यावर त्या माणसाच्या तोंडाकडं बघा.

आता अक्का काय म्हणाल्या ते सांगते आणि थांबते. त्यांनी तस्लीमच्या हातातलं ताट घेतलं, परत पाटापुढं ठेवलं, त्यात गरम भात वाढला. आणि मग नातवाकडं वळल्या.

"अभ्या, तुझा हिशेब मला कळला नाही, आणि माझा मला सांगता येत नाही. पण जागा कमी पडली की जेवणारा उठत नसतो, घरचा उठतो. तुझा आजा कितीदा हातात भाकरी घेऊन मागच्या दारात जेवला. त्या हॉलात घरचा तू आहेस. ऊठ."