दीडशे डिग्रीचा लाल

जमलेल्या सगळ्यांनो, रशीदभाईंच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय. रोज चार-चार तास बोलतो मी, क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो.

काल सकाळी ते गेले. दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. खरं वाटत नाही हो! परवा संध्याकाळी तर फोनवर बोललो.

तुम्हाला माहीत आहे, आपल्या लातुरातल्या निम्म्या क्लासच्या पाट्या त्यांच्या हातच्या. नांदेडहून आलेला हा पेंटर पत्र्यावर अक्षरं काढायचा आणि पाटी भट्टीत भाजायचा. रंगाचा नवा डबा आला की आधी पत्र्याची एक पट्टी भाजून बघायची. खडूनं तिच्यावर डिग्री लिहायची, भिंतीला टांगायची. कधी चुकवलं नाही.

माझ्या क्लासच्या पाटीला मला भडक लाल हवा होता. समोरच्या क्लासचा आहे तसा. परवा फोनवर म्हणाले, "सर, ह्यो लाल टिकत न्हाई. दीडशेच्या वर तपकिरी पडून राहिला. गेरू लावू का?"

मी म्हणालो, "गेरू? मातीचा रंग नको."

"एकदा पट्टी तर बघून जा की."

"उद्या मुलांची टेस्ट आहे, रशीदभाई. परवा येतो."

परवा म्हणजे आज. आलोय मी, रशीदभाई.

आणि मुलांना मी काय शिकवतो? असला भडक लाल सेंद्रिय असतो, आणि सेंद्रिय रंगाचा रेणू उष्णतेनं तुटतो. रेणू तुटला की रंग गेला. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज, त्याला भट्टी काय करणार? फळ्यावर लिहितो आणि दुकानात विसरतो. कसला मास्तर मी?

भूकंपानंतर एका नव्या गावठाणात त्यांनी पाट्या केल्या होत्या, गेलेल्या माणसांच्या नावांच्या. सगळ्या गेरूत. म्हणायचे, "ही नावं उडाली तर मी कुणाला तोंड दाखवू?" जाऊन बघा. अजून लाल आहेत.

आज सकाळी दुकानात गेलो. त्यांची मुलगी शबाना, ही समोर बसलीय, तिनं माझी पाटी काढून दिली. पूर्ण झालेली. गेरूत. म्हणाली, "तुमचा फोन ठेवला अन् अब्बा लगेच कामाला बसले. म्हणले, सर रागवतील, रागवू दे. पाटी तर राहील."

नाही रागावलो, रशीदभाई. एवढं ऐकायला तरी थांबायचं होतं.

पाटी इथंच, माझ्या क्लासच्या दारावर लावली आहे. उठा सगळे. तिच्याकडे तोंड करून दोन मिनिटं गप्प उभे राहू.